हळदीच्या दिवशीची उचकी

विकीला उचकी लागली सकाळी, आणि दुपार कलली तरी ती जायचं नाव घेईना. आता उचकी कुणाला लागत नाही? पण तिने दिवस कुठला निवडावा, ते बघा. ऐन हळद, दारात मांडव, मांडवात पाहुणे, डीजेवाला वायरी जोडून तयार, आणि पाटावर बसलेला नवरदेव दर वाक्याला मध्येच तुटतोय. हळद लावायला कुणी हात पुढे केला की हा उडायचा आणि हळद जायची नाकात. शेवटी तुळसाआजीने, म्हणजे विकीच्या आजीने, वाटी झाकून ठेवली आणि जाहीर केलं की उचकी थांबेपर्यंत हळद लागायची नाही.

नवऱ्याची हळद अडली म्हणजे नवरीचीही अडली. कारण आपल्याकडे रीतच तशी. आधी नवऱ्याला हळद लागायची, मग त्याच वाटीतली उरलेली उष्टी हळद नवरीच्या घरी जायची, आणि तीच तिच्या अंगाला लागायची. विकीचं घर शीळफाट्याजवळच्या गावात, नयनचं कोपरीत. तिकडे उचकी थांबेना म्हणून इकडे कोपरीच्या मांडवात नयन पिवळं लुगडं नेसून, हिरवा चुडा भरून नुसती बसलेली. मोठ्या काकूच्या चौकशा सुरू झालेल्या, की अजून कशी नाही आली हळद, काही बिनसलं तर नाही ना. मोठ्या काकूचा स्वभाव असा, की बिनसलेलं काही सापडलं नाही तर तिचा दिवस फुकट जातो.

नयनला मात्र आतून हसू फुटत होतं. जगात एवढी माणसं असताना तिच्याच नवऱ्याला उचकी लागावी, म्हणजे कमाल झाली. कारण नयनचं कामच श्वासाचं. घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती, तीही छातीची. ऑपरेशन झालेल्या, न्युमोनियातून उठलेल्या माणसांना पुन्हा नीट श्वास घ्यायला शिकवायची. लोक म्हणायचे, श्वास काय शिकवायचा, तो आपोआप चालतो. नयन म्हणायची, चालतो ना, पण त्याला दोन मालक आहेत. एक बसलाय मेंदूच्या मुळाशी, मान जिथे डोक्याला मिळते तिथे. तो झोपत नाही, सुट्टी घेत नाही, तुम्ही घोरत पडलात तरी त्याचं चालूच. दुसरा वर, विचार करणाऱ्या मेंदूत. तुम्हाला गाणं म्हणायचं असेल, पाण्यात बुडी मारायची असेल, कचऱ्याच्या गाडीमागे नाक दाबून उभं राहायचं असेल, तर हा दुसरा पहिल्याला म्हणतो, जरा थांब रे. पहिला थांबतो, पण थोडाच वेळ. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की तो दुसऱ्याला बाजूला सारतो आणि स्वतःच श्वास घेऊन टाकतो. म्हणून रुसून श्वास रोखणाऱ्या पोरांना घाबरायचं नसतं, असं ती आयांना सांगायची.

विकी तिला भेटला तोही श्वासामुळेच. त्याच्या बाबांचं बायपास झालेलं. अशा पेशंटला एक प्लास्टिकचं यंत्र देतात, तीन नळ्या, तीन रंगीत गोळे. तोंडात नळी धरून हवा आत ओढली की गोळे वर चढतात. "बाबा, बघा, मी दाखवतो," म्हणत विकीने ते हिसकावलं आणि जीव खाऊन त्यात फुंकर मारली. गोळे ढिम्म. त्याने आणखी फुंकलं, कानापर्यंत लाल झाला.

"आत ओढायचंय," नयन म्हणाली. "शंख नाही वाजवायचा."

बाबा टाक्यांवर उशी दाबून धरून हसले. त्यांना घरी सोडल्यावरही विकी ते यंत्र काखेला मारून हॉस्पिटलात यायचा, शंका विचारायला. एका यंत्रात एवढ्या शंका कुठून निघतात, ते सगळ्या वॉर्डला कळत होतं.

तर आता व्हिडिओ कॉल लागला. इकडे फोन धरला निशिगंधाने, म्हणजे नयनच्या वहिनीने, आणि तिकडे विकीच्या जिगरी दोस्ताने, रघुने.

"सकाळी काय खाल्लंस?" नयनने विचारलं.

"आचाऱ्याने रस्सा, हिक्, चाखायला दिला. तिखटजाळ. मग वर, हिक्, गार सोडा. एका दमात."

"झालं. छाती आणि पोटाच्या मध्ये स्नायूचा पडदा असतो बघ. मानेतून एक नस निघते आणि खाली येऊन त्याला हलवते. तू तिला डिवचलंस. आता तो पडदा मध्येच झटके मारतोय आणि दर झटक्याला गळ्याची झडप बंद होतेय. तोच आवाज. घाबरू नकोस. मोठा श्वास भर आणि रोखून धर. कार्बन डायऑक्साइड वाढला की झटके दबतात."

विकीने श्वास भरला. गाल फुगवून बसला. आणि त्याच्या मामाने, मदत म्हणून, कानाशी कागदाची पिशवी फोडली. गेला श्वास. पुन्हा भरला, तर कुणीतरी पाठीत गुद्दा घातला. तिसऱ्यांदा मावशीने तोंडात साखर कोंबली. सगळे उपाय एकदम चालू होते आणि एकही पुरा होत नव्हता. नयन इकडून ओरडत होती, "त्याला हात लावू नका," आणि तिकडे डीजेच्या गोंगाटात कुणाला ऐकू जात नव्हतं.

मग तुळसाआजी पुढे झाली. "तुमचं डाक्टरी ऱ्हाव दे," ती म्हणाली. "कोनतरी याची याद काढतंय. नावा घ्या."

हे औषध सगळ्यांच्या आवडीचं. उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, आणि ज्याच्या नावाला ती थांबेल तोच तो. पहिलं नाव अर्थातच नयनचं घेतलं. हिक्. दोन्ही मांडव खिदळले. "नवरी काय याद काढत नाय वाटतं," तिकडून कुणी म्हणालं, आणि इकडे काकूने ते लक्षात ठेवलं. मग गावदेवीचं नाव झालं, दुबईच्या मामाचं झालं, शाळेतल्या मारकुट्या मास्तरांचं झालं, विकीच्या विकलेल्या बुलेटचंसुद्धा झालं. उचकी आपली चालूच. नावं संपली. आणि रघुला, गधड्याला, चेव आला.

"मेघना," तो म्हणाला.

उचकी थांबली.

सगळे पुढच्या हिक्‌ची वाट बघत राहिले. ती आलीच नाही. फोनच्या पडद्यावर विकी जागच्या जागी गोठला होता, डोळे रघुकडे, तोंड अर्धवट उघडं. तिकडचा गलका बसला. इकडे कोपरीत कुणाची बांगडी वाजली तेवढाच आवाज. मग रघुचा अंगठा कॅमेऱ्यावर आला आणि कॉल कट झाला.

"कोण गं ही मेघना?" मोठ्या काकूने विचारलं. तिचा दिवस सार्थकी लागला होता.

नयनने लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आई तिच्या शेजारी येऊन बसली. बायकांची कुजबुज सुरू झाली, आणि बोलता बोलता ती मांडवाबाहेर पडून दुसऱ्या आळीत पोचलीसुद्धा असेल. नयनच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. ओठ बधिर झाले. मांडव तिच्याभोवती हलका फिरला.

ही लक्षणं तिला पाठ होती. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, आणि मग बोटं बधिर होतात. रोज दहाजणांना ती हे समजावते, आज तिची पाळी होती. तिने ओठांचा चंबू केला आणि गरम चहावर फुंकर घालावी तशी हळूहळू हवा सोडली. पुन्हा घेतली, पुन्हा सोडली. मुंग्या ओसरल्या. डोकं ताळ्यावर आलं. आणि ताळ्यावर आल्याबरोबर तिला पडद्यावरचा विकी पुन्हा दिसला, चेहरा नव्हे, छाती.

मेघनाचं नाव निघालं तेव्हा त्याची छाती थांबलेली होती.

म्हणजे त्याने श्वास रोखला होता. अगदी ती सांगत होती तसा. म्हणून उचकी थांबली. कुठल्याही गावी कुठलीही मेघना त्याची आठवण काढत नव्हती, कार्बन डायऑक्साइडने काम केलं होतं. नयनला एवढं हायसं वाटलं की ती काकूला सांगायला तोंड उघडणार होती. आणि तिथेच थबकली. कारण आता प्रश्न वाईट होता. आठवणीचं सगळं झूठ, मान्य. पण त्याने श्वास का रोखला?

तलावपाळीवर, साखरपुड्याआधी, पाण्याकडे बघत शेंगदाणे खाताना तिने त्याला सरळ विचारलेलं, "आधी कुणी होती का? असली तर सांग, मला राग नाही." तो म्हणालेला, "छे. तूच पहिली." आणि तिने विश्वास ठेवलेला, अगदी पुरता.

"वहिनी, स्कूटीची चावी कुठाय?"

"वेडी का गं तू?" आई म्हणाली. "हळदीच्या दिवशी नवरी घराबाहेर पडते का?"

"हळद लागलीय कुठे अजून?" नयन म्हणाली.

 निशिगंधाने तर पदर खोचलाच होता. "तू मागे बस," ती म्हणाली. "मी चालवते. तू चुडा सांभाळ."

कळवा पूल मागे पडला, आणि मुंब्रा बायपासवर नेहमीचं रामायण. कंटेनरामागे कंटेनर, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळतायत. निशिगंधाने स्कूटी कडेच्या खडीतून घातली. मागे पिवळं लुगडं, हिरवा चुडा, डोक्यावर हेल्मेट. एक ड्रायव्हर केबिनमधून वाकून म्हणाला, "भाभी, शादी उधर है क्या?" निशिगंधा म्हणाली, "वही देखने जा रहे हैं." नयनला त्याही अवस्थेत हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. तिला तो मनापासून आवडायचा, हीच सगळी पंचाईत होती. नसता आवडला तर ती मांडवात बसून राहिली असती.

"काय विचारणार आहेस?" निशिगंधाने मान मागे करून विचारलं.

"एकच. श्वास का रोखलास."

"आणि धड उत्तर नाही आलं तर?"

"तर हळद घेणार नाही."

 निशिगंधाने वेग वाढवला.

शीळच्या मांडवात नवरी स्वतःच्या पायांनी चालत आलेली बघून बायका पाटावरून उठल्याच. आणि मांडवाच्या कमानीखाली नयनला पहिलं काय ऐकू आलं असेल, तर ‘हिक्’. परत सुरू झाली होती. विकी तिला बघून उभा राहिला आणि जमेल तेवढा ताठ झाला.

"अगो बाय, तू कशी आयलीस?" तुळसाआजी म्हणाली.

"आजी, मला विकीशी बोलायचंय. एकटीने."

त्यांना कोठीच्या खोलीत पाठवलं, तांदळाची पोती आणि लाडवांची पातेली होती तिथे. आजी उंबऱ्यावरच बसली. एकटीने म्हणजे माझ्याशिवाय नाही, असा तिचा अर्थ. नयनने तिला बसू दिलं.

"श्वास का रोखलास?"

विकीने कोण मेघना, कसली मेघना असलं काही केलं नाही, हे त्याच्या बाजूने मानायला हवं. "घाबरलो," तो म्हणाला. "होती. हिक्. कॉलेजला, डोंबिवलीला. शेवटच्या वर्षाला तिच्या घरच्यांनी, हिक्, पुण्याला लग्न लावून दिलं. तेव्हापासून फोनसुद्धा नाही. संपलं ते."

"मग तलावपाळीवर?"

"तू विचारलंस ना, तेव्हाच वाटलं, हो म्हटलं तर, हिक्, उठून जाशील. नाही म्हणून गेलो. मग रोज वाटायचं सांगू, आणि रोज, हिक्, जास्तच उशीर झालेला असायचा."

नयनने पुढे होऊन आपला पंजा त्याच्या शेवटच्या बरगड्यांवर ठेवला, वॉर्डात ठेवते तसा. पडदा झटका मारत होता तो हाताला कळत होता.

"मेघना," ती म्हणाली.

हिक्.

"मेघना कुठे राहायची?"

"मानपाड्याला. हिक्."

"दिसायला कशी होती?"

विकीने आजीकडे बघितलं, आजीने छताकडे. "चांगली होती," तो म्हणाला. "हिक्."

बरगड्या मोकळ्या हलत होत्या. ज्या नावाला तासाभरापूर्वी त्याची छाती अडली होती, त्या नावाने आता तिथे काहीच होत नव्हतं. भीती नावात नव्हतीच, लपवण्यात होती, आणि लपवायचं तर संपलं. नयनला हे हाताखाली इतकं लख्ख कळलं की तिला थरारून आलं. पण राग तरीही होता तिथेच होता.

"मेघनाचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण तू खोटं बोललास, विकी. मी विचारलेलं, सरळ. पुढे कधी घाबरलास की परत बोलशील. मला असं नाही राहता यायचं. हळद झाकलेलीच राहू दे."

हे ती खरंच म्हणाली की त्याला जोखायला म्हणाली, ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. म्हणून झालं आणि ती दाराकडे वळली. आजी उंबऱ्यावरून उठली नाही, तिने फक्त पाय आखडून वाट दिली. नयनने पाऊल टाकलं, मग दुसरं. मग तिच्या ध्यानात आलं की मागे आवाज नाही.

ती वळली. विकी तिथेच उभा होता, हात अर्धवट पुढे, तोंड उघडं, आणि छाती दगड. श्वास रोखायचा म्हणून रोखला नव्हता त्याने, तो घ्यायचाच विसरून गेला होता. ओठ हलत होते, पण बोलायला लागणारी हवाच नव्हती. नयन बघत राहिली. एरवी पेशंटला असं झालं की ती पाठीवर हात ठेवून म्हणते, घ्या, श्वास घ्या आता. आज तेही तिला सुचलं नाही.

मग मेंदूच्या मुळाशी बसलेल्या त्या पहिल्या मालकाने काय ते केलं. विकीने केवढा तरी मोठा श्वास घेतला, बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा, आणि त्या एका श्वासात, कुठेही न तुटता, तो म्हणाला, "जाऊ नकोस, नयन, मी परत कधी खोटं नाही बोलणार, भांडलीस तरी चालेल, जाऊ नकोस."

तिघंही थांबली. उचकी आली नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी नाही.

"थांबली," आजी म्हणाली. "कोनाचा नाव घेतलास गो?"

"कुणाचंच नाही, आजी. मी जाते म्हटलं फक्त."

आजीने नातवाकडे बघितलं, मग नयनकडे. "मंग झाला की," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून हळदीची वाटी उघडायला गेली.

नयनला तो त्या घटकेला इतका आवडला की तिने त्याच्या दंडाला जोरात चिमटा काढला. "श्वास घे रे," ती म्हणाली. "नळी तोंडात धरून शिकवू का परत?"

मग काय विचारता. पाट मांडला, बायकांनी गाणं उचललं, विकी हळदीने डोळ्यांपर्यंत माखला आणि एकदाही उडला नाही. डीजेवाल्याने सकाळपासूनची सगळी कसर भरून काढली. रघु नयनच्या पुढ्यात कान पकडून उभा राहिला. "वहिनी, जीभ घसरली," तो म्हणाला. ती म्हणाली, "जिभेचं नंतर बघू. आता पुढे बाइक घाल आणि बायपासपर्यंत रस्ता मोकळा कर."

पण आजी सोडते थोडीच. सासरच्या दारातून उपाशी जायचं नाही, म्हणून तिने तोच तिखटजाळ रस्सा वाढला, आणि वर गार सोडा. ऊन उतरत होतं, कोपरीत सगळे खोळंबलेले. नयनने उभ्याउभ्या रस्सा संपवला आणि सोडा एका दमात ढोसला. एवढी शिकलेली मुलगी, पण घाईत कुणाला काय सुचतं.

उष्टी हळद नवरीने स्वतः आणल्याचं कोपरीत कुणी ऐकलं नव्हतं. वाटी पदराखाली धरून नयन स्कूटीवरून उतरली तेव्हा दिवे लागायला आले होते. आई धावत आली. लेकीचं तोंड बघूनच तिला कळलं. पण मांडवातल्या बायकांना तोंडं बघून कळत नसतं. त्या ओठ मिटून बसल्या होत्या, आणि मोठी काकू मधोमध.

"काय म्हणाली मग मेघना?" काकूने विचारलं.

नयन पाटावर बसली. आईने वाटीत बोटं बुडवली, हात पुढे केला, आणि नयन म्हणाली, "हिक्."

आईचा हात हवेतच राहिला. निशिगंधाने कपाळावर हात मारून घेतला. मांडव हसला, पण ते हसणं पुरतं मोकळं नव्हतं. काकू सरसावली. "आता हिची कोण आठवण काढतंय बघू. घ्या नावं."

नावं सुरू झाली. वडिलांचं, मिठागरावर राबलेल्या आजोबांचं, हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांचं. हिक्, हिक्, हिक्. नयनला पोटाचा पडदा नाचताना कळत होता, रस्सा आणि सोडा आपापसात भांडतायत तेही कळत होतं. तिने ठरवलं असतं तर सगळ्यांना समजावून सांगितलं असतं, नस कुठून निघते, झडप कशी मिटते. पण समोर तिची आई हळदीचा हात धरून बसली होती, आणि हळद तिच्या बोटांवर वाळायला लागली होती.

"मेघनाचं घेऊन बघा की," काकू म्हणाली.

हिक्. स्वच्छ, ठणठणीत. दोन-तीन बायकांना हसू आवरलं नाही.

मग निशिगंधा, नणंदेच्या डोळ्यांत डोळे घालून, सावकाश म्हणाली, "विकी."

नयनने मोठा श्वास आत घेतला होताच. तिने तो आत कोंडला. वरच्या मालकाने खालच्याला सांगितलं, थांब, आज तरी माझं ऐक. मांडव वाट बघत होता. छातीत जळायला लागलं. पडद्याने एक झटका मारला, पण झडप आधीच बंद, आवाज होणार कुठून? तिने तोंडावर हसू ठेवलं आणि बोटं लुगड्यात रुतवली. खालचा मालक दार ठोठावत होता, घे, घे, आता घे. तिने आणखी थोडी कळ काढली, आईच्या हाताकडे बघत, आणि अगदी शेवटी, कुणाला कळणार नाही अशी, नाकातून हवा सोडली. घेतली. सोडली.

उचकी आली नाही.

"थांबली गं थांबली," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मांडवात एकच कल्ला झाला. बायका काकूला ढोसायला लागल्या, आता बोल की. काकूनेही शेवटी हसून घेतलं, काय करते. आईने हळदीचा हात लेकीच्या गालावर ठेवला. नयनला भरून आलं. खूप आनंद झाला तिला, आणि त्या आनंदात एक बारीक खडाही होता, तो तिने लगेच ओळखला.

निशिगंधाने हळद लावायच्या निमित्ताने कानाशी तोंड आणलं. "थांबली की थांबवलीस?"

"लाव ना तू, वहिनी," नयन म्हणाली.

बायका पायांना हळद लावत होत्या तेव्हा तिने मांडीखालचा फोन काढला आणि पिवळ्या अंगठ्याने विकीला लिहिलं, "आज मीपण सगळ्यांसमोर एक खोटं केलं. घाबरले होते. उद्या मांडवात सांगते." पाठवला. फोनची काच पिवळी झाली ती तिने पदराने पुसली, आणि दुसरा हात हळदीसाठी पुढे केला.